६२ हजार कशाशी ताडायचे?

"९० हजारांच्या गाडीवर ६२ हजार घालताय, मामा?" भाच्याने फोनवर विचारलं. आम्ही म्हैसूरला राहतो. गाडी २००९ सालची वॅगन आर. क्लच प्लेट, रेडिएटर, पुढचे शॉकअब्झॉर्बर, सस्पेन्शनचे बुश आणि चारही टायर धरून गॅरेजवाल्याने ६२ हजारांचा अंदाज दिला होता, आणि जुन्या गाड्यांच्या दलालाने गाडीचे ९० हजार सांगितले होते. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, असं भाचाच नव्हे, बहुतेक सगळेच म्हणतात. मला हा नियम मुळातच चुकीचा वाटतो.

गाडी विकायची असेल तर ९० हजार हा आकडा कामाचा. मला ती चालवायची आहे. तेव्हा ६२ हजार ताडून पाहायचे ते तिच्या जागी जी येणार तिच्या खर्चाशी. सात लाखांच्या नव्या गाडीवर कर्नाटकात १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९८ हजार, वर सेस. दुरुस्तीच्या दीडपट रक्कम नुसत्या करातच गेली. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण १२,४५० रुपये. म्हणजे माझी सगळी दुरुस्ती पाच हप्त्यांत बसते. नवी गाडी घेणाऱ्याचे त्यानंतरही ५५ हप्ते उरतात, आणि ते फिटेपर्यंत विम्याच्या कोष्टकात त्याच्या गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. ज्याला गाडी घ्यायचीच होती त्याचा फायदा झाला. माझी गरज त्याने बदलली नाही.

पेट्रोल वाचेल म्हणतात. माझी गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, नवी २० देईल असं धरू. माझं फिरणं वर्षाला पाच हजार किलोमीटर. वाचतं १०७ लिटर, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. वर्षभराची ही बचत एका हप्त्यालाही पुरत नाही. जुनं इंजिन नव्या बीएस-६ इंजिनापेक्षा जास्त धूर सोडतं, हे मी नाकारत नाही. पण नव्या गाडीचं पोलाद, काच आणि रबर तयार करतानाही धूर निघतोच, आणि इतक्या कमी फिरण्यात तो भरून निघायला फार वर्षं लागतील.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, ही समजूत तर निव्वळ दिल्लीच्या बातम्यांवर वाढली आहे. ते निर्बंध दिल्ली परिसरापुरते. आपल्याकडे आरटीओत तपासणी होते आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढते. गाडी २० वर्षांची होईपर्यंत त्याची फी पाच हजार रुपये. माझी नोंदणी २०२९ पर्यंत आहे.

शिवाय हे सगळं मी म्हैसूरमध्ये बसून लिहितो आहे. यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटारसायकली तयार झाल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकाच दांड्याने किक मारायची आणि त्याच दांड्याने गिअर टाकायचा, अशी ती गाडी. कंपनी गेल्यावर सुटे भाग मिळणार नाहीत म्हणून लोकांनी त्या मोडीत काढायला हव्या होत्या. पण त्या गाड्या आजही इथल्या रस्त्यांवर दिसतात, कारण त्या उघडून पुन्हा जोडणारे हात शहरात टिकले. जुनी गाडी टिकते ती या हातांवर. आपण काम देणं थांबवलं की ते हातही दुसरा धंदा शोधतात.

भाच्याचा एकच मुद्दा मला खोडता आला नाही: सुरक्षितता. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. रोज मुलाबाळांना घेऊन बेंगळुरू हायवेवर शंभरच्या वेगाने जाणाऱ्याने माझं ऐकू नये, नवी गाडी घ्यावी. माझी गाडी कुवेंपुनगर ते देवराज मार्केट आणि फार तर नंजनगूड एवढीच जाते. हायवेचा प्रवास मी रेल्वेने करतो.

गाडी कधी सोडायची, याची खूण मात्र बिलावर नसते. गॅरेजमध्ये मी स्वतः पिटमध्ये उतरलो. मिस्त्रीने बॅटरीच्या उजेडात स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालचा पत्रा टोकापासून टोकापर्यंत ठोकला. सगळीकडे टणटण आवाज. मग टोकाने दाबून पाहिलं, कुठेही आत गेला नाही. "गट्टी इदे, सार," तो म्हणाला. घट्ट आहे. म्हैसूर समुद्रापासून लांब आणि उंचावर, त्यामुळे पत्रा टिकला. हीच गाडी रत्नागिरीला किंवा मुंबईत समुद्राजवळ १५ वर्षं उघड्यावर उभी असती, तर खारट हवेने तिचा तळ खाल्ला असता, आणि मग मीही दुरुस्तीवर एक रुपया घातला नसता. क्लच बदलता येतो, रेडिएटर बदलता येतो; सडलेल्या सांगाड्यावर केलेला खर्च वायाच जातो.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी एवढं करा. गाडी पिटवर चढवा, मिस्त्रीबरोबर स्वतः खाली उतरा आणि पत्रा ठोकून घ्या. आवाज टणटणीत आला तर दुरुस्तीचं बिल नव्या गाडीच्या हप्त्याने भागा, आणि मगच ठरवा.