हिंजवडीचा रस्ता गगनयानानं अडवलेला नाही

हिंजवडीच्या शिवाजी चौकात गाड्या अडकल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "इथून वाकड गाठता येत नाही आणि निघालेत माणूस अंतराळात पाठवायला!" वैताग खरा आहे, त्यामागचा हिशेब मात्र खोटा आहे. शिकलेले अभियंते तो मांडतात याचं मला वाईट वाटतं.

तारखा पाहा. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 रोजी झालं. केंद्रीय मंत्रिमंडळानं गगनयानाला मंजुरी दिली ती त्यानंतर दहा दिवसांनी. मेट्रोचा पैसा कुणी यानाकडे वळवला नव्हता. तरी बांधकाम सुरू व्हायला 2021 उजाडलं, कारण जागा वेळेत ताब्यात आली नाही. रस्त्यांचं घोडं अडतं ते ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांच्या हद्दींमध्ये. गगनयान उद्या गुंडाळलं तरी यातली एकही हद्द पुसली जाणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये अमेरिकी फाल्कन-9 वरून अंतराळ स्थानकात गेले; मग जागा विकत घ्यावी, स्वतःच्या रॉकेटचा खटाटोप कशाला? पण राकेश शर्मा 1984 मध्ये सोव्हिएत सोयुझमधून गेले, आणि पुढच्या भारतीय अंतराळवीराला 41 वर्षं वाट पाहावी लागली. दुसऱ्याच्या यानातली जागा त्याच्या मर्जीवर मिळते. क्रायोजेनिक इंजिनाचंही तेच झालं. अमेरिकेच्या दबावाखाली 1993 मध्ये रशियानं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचं यशस्वी उड्डाण जानेवारी 2014 मध्ये झालं. ती वीस वर्षं सोसली म्हणूनच आज गगनयानाच्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या माथ्यावर आपलं सीई-20 इंजिन आहे.

"यंत्रं पाठवा, माणूस कशाला?" असंही विचारतात. चांद्रयानानं यंत्रांची थोरवी दाखवली, ती मला मान्यच आहे. पण माणूस बसणार म्हटलं की रॉकेटची कसोटीच बदलते. एलव्हीएम-3 च्या दोन एस-200 बूस्टरांत प्रत्येकी सुमारे 200 टन घन इंधन असतं. ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून बिघाड ओळखून माणसांची कुपी क्षणार्धात दूर खेचून नेणारी यंत्रणा लागते. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोटात तिची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं ते आपोआप रोखलं. कारण शोधलं गेलं, दुरुस्ती झाली आणि त्याच सकाळी कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. माझ्या मते त्या दिवसाचं खरं यश त्या थांबण्यात होतं.

आणि हे काम फक्त श्रीहरिकोटात होत नाही. गगनयानासाठीच्या एस-200 बूस्टरचा पहिला भाग 2020 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यातून गेला. अशी मोटर केसिंग आपल्याच पुणे जिल्ह्यात, वालचंदनगरलाही घडतात. घन इंधनाचं शास्त्र इथं रुजवणारे वसंत गोवारीकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

प्रश्न विचारायचेच तर गगनयानाचं 2022 चं उद्दिष्ट का हुकलं ते इस्रोला विचारा, आणि मेट्रोची जागा का अडली ते पीएमआरडीएला.