खोट्या फौजदाराचं वॉरंट
परवा नांदगावच्या बाजारपेठेत रायरंद आला होता. पुण्या-मुंबईकडे बहुरूपी म्हणतात, पण खानदेशाच्या शिवेवर तो रायरंदच. अंगात खाकी, काखेत छडी, हातात जुन्या वहीतलं ‘वॉरंट’. किराणावाल्या शेठजींना त्याने चारचौघांत गुन्हा वाचून दाखवला: सासूची वांगी पळवली, बायकोला न विचारता हसलात, चला गाडीत! शेठजी खो खो हसले. पुढच्या कलमात त्यांच्या वजनकाट्याचं नाव निघालं, तेव्हा जरा बेतानं हसले. खरा विनोद सुरू होतो तो इथेच. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो, तिथेही रस्त्यावर नाटकं होतात. पण तिथला प्रेक्षक टोमणे ऐकायलाच आलेला असतो, आणि टोमणा शक्यतो गैरहजर माणसाला. रायरंद ज्याची टोपी उडवतो त्याच्याच गल्ल्यातून बक्षिसी मागतो. एवढी छाती आपल्या नावाजलेल्या स्टँडअपवाल्यांत नाही, राग आला तरी चालेल. तरी त्याला टाळ्या कमी आणि संशय जास्त. शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारलं. पोटासाठीच फिरत होते बिचारे. म्हणून हा गडी कुठल्याही गावात शिरण्याआधी ठाण्यात जाऊन आधारकार्ड दाखवतो, खोटा फौजदार खऱ्याकडे हजेरी लावतो. “मग साहेबांचंही वॉरंट काढता का?” मी विचारलं. “काढतो की,” तो म्हणाला, “पण जामीन लगेच देतो.”