एका ताऱ्याचे दोनदा दर्शन

११ नोव्हेंबर १५७२ च्या सायंकाळी डेन्मार्कमधील तरुण खगोलवेत्ता टायको ब्राहे याला शर्मिष्ठा तारकासमूहात, जेथे पूर्वी काहीच दिसत नसे तेथे, एक अतितेजस्वी तारा दिसला. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तेव्हा त्याने सोबतच्या सेवकांना आणि वाटेवरच्या शेतकऱ्यांना विचारून खात्री करून घेतली. काही दिवस तर तो तारा भर उन्हातही दिसे. पुढे मंदावत जाऊन १५७४ च्या प्रारंभी तो दिसेनासा झाला. तारामंडल अविकारी आहे, ही युरोपातील दृढ समजूत त्याने डळमळीत केली. वास्तविक तो नवा तारा नव्हताच. ते एका जुन्या ताऱ्याचे मरण होते.

या स्फोटाचे वर्ष सर्वत्र १५७२ असेच लिहिले जाते. काटेकोर हिशेबनीस मात्र येथे थबकेल. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरी सूर्यापासून येथवर यावयास त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि हा तारा तर हजारो प्रकाशवर्षे दूर होता. परगावचा धनादेश लिहिला जातो एका दिवशी व खात्यात जमा होतो दुसऱ्या दिवशी. १५७२ ही जमेची तारीख आहे. धनादेश त्यापूर्वी हजारो वर्षे लिहिला गेला होता.

याहून नवलाची गोष्ट २००८ साली घडली. स्फोटाचा प्रकाश सर्व दिशांना पसरला होता. त्यातील काही भाग दूरच्या धूलिमेघांवर आदळला आणि तेथून परावर्तित होऊन पृथ्वीकडे वळला. ही वाट लांबची, म्हणून तो ४३६ वर्षे उशिरा पोहोचला. हवाई बेटावरील सुबारू दुर्बिणीने तो अत्यंत क्षीण प्रकाश टिपला. टायकोजवळ दुर्बीण नव्हती, वर्णपटाची विद्याही नव्हती. आता त्याच स्फोटाचा वर्णपट हाती आला आणि एका श्वेत बटूचा, म्हणजे इंधन संपून आकुंचन पावलेल्या अतिघन ताऱ्याचा, तो स्फोट होता हे निश्चित झाले. वार्तेला विलंब झाला, म्हणूनच ती नीट वाचता आली!

तत्त्वार्थसूत्रात इंद्रिये व मन यांच्याद्वारे होणाऱ्या मतिज्ञानाला परोक्ष म्हटले आहे. डोळ्यांनी पाहिलेलेही त्यातच येते. पुढील आचार्यांनी व्यवहारापुरते त्याला सांव्यवहारिक प्रत्यक्ष असे नाव दिले. ताऱ्यांकडे पाहताना ही विभागणी विलक्षण समर्पक वाटते. तथापि शास्त्रात आधुनिक विज्ञान आधीच सांगितले होते, असे म्हणण्याची घाई नको. जैन न्यायात चक्षू अप्राप्यकारी, म्हणजे विषयाला न भिडता जाणणारा, मानला आहे. विज्ञानाच्या मते प्रकाश डोळ्यात शिरल्याविना दर्शनच नाही. या भेदावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवरून उत्तरेकडे पाहिल्यास इंग्रजी एम अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा सहज ओळखू येते. टायकोच्या ताऱ्याच्या जागी आज नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्याचा प्रकाश मात्र आडवाटांनी अजून येतो आहे.