परिपत्रक दिसते, पण वाचता येत नाही

परिपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकले की ते सर्वांपर्यंत पोहोचले, असे प्रशासन धरून चालते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करायचा, पीडीएफ चढवायची, काम संपले. अंध विद्यार्थ्यासाठी मात्र ते कोरे पान असते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’ला अक्षरे लागतात, स्कॅन केलेले पान म्हणजे नुसते छायाचित्र.

मराठीत आणखी एक मेख आहे. युनिकोड रुळून इतकी वर्षे झाली तरी काही कार्यालयांत जुन्याच फॉन्टमध्ये टंकलेखन चालते. अशा फाइलमध्ये पडद्यावर ‘परीक्षा’ दिसते, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती खिचडीच इमानेइतबारे वाचतो. ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने त्याचे काम सुरू केले. म्हणजे साधन आहे, त्याच्यापुढे वाचण्याजोगे काही ठेवले जात नाही.

प्रश्न फक्त अंधांचा नाही. ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या आजारात दृष्टीचा परीघ हळूहळू आक्रसतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातली सूचना नजरेबाहेर राहते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंच्या आजारात माऊस धरणे अवघड जाते. कीबोर्डवरची टॅब कळ दाबत पुढे सरकावे, तर कधी ‘सादर करा’ या बटणापर्यंत पोहोचताच येत नाही. कधी तोवर वेळ संपते आणि भरलेला अर्ज पुसला जातो. ‘लाल चौकटी भरा’ ही सूचना रंगांधाला निरुपयोगी, तर कॅप्शन नसलेले व्याख्यान कर्णबधिराला. पानभर धावणाऱ्या पट्ट्यांमुळे वाचनअक्षमता असलेल्यांची ओळ सुटते. (हे पट्टे नेमके कोणाला हवे असतात, हे कोडेच आहे.)

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या याचिकाकर्त्यांची ई-केवायसी पापण्या मिटून दाखवण्याच्या अटीमुळे अडली होती. राखीव जागेचेही तसेच होते. प्रमाणपत्र हातात असते, जागा असते, पण अर्जाच्या पानावर वाट बंद होते. मग सायबर कॅफेवाल्याला आधार क्रमांक, पासवर्ड, बँकेचा तपशील सांगून अर्ज भरून घ्यावा लागतो. परावलंबित्व शरीरातून कमी आणि त्या पानातून जास्त येते.

काही विद्यापीठे संकेतस्थळावर ‘अ+ अ-’ अशी बटणे लावतात. मुख्य पानावरची अक्षरे त्याने मोठी होतात, स्कॅन केलेले परिपत्रक होते तसेच राहते. खरा उपाय कमी खर्चाचा आहे: युनिकोडमध्ये टंकलेखन, वर्डमधून थेट केलेली पीडीएफ, कागदावरच्या सहीऐवजी डिजिटल स्वाक्षरी. नवे संकेतस्थळ करून घेताना ही अट निविदेतच हवी. कंत्राटदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी विद्यापीठातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना मोबदला देऊन, प्रवेशअर्ज पहिल्या पानापासून शुल्काच्या पावतीपर्यंत त्यांच्याकडून भरून घ्यावा.