चंद्याचा रुमाल पसरण्याआधी

गेल्या हिवाळ्यात मामूंच्या छातीत मध्यरात्री कळ आली. घरच्यांनी रिक्षा पकडली आणि त्यांना जवळच्या काचेच्या इमारतीतल्या खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर आधी अनामत मागितली. सकाळी मुमानींच्या बांगड्या सराफाकडे गेल्या, आणि जुम्याच्या नमाजनंतर आम्ही भाचे मशिदीबाहेर रुमाल पसरून उभे राहिलो. अँजिओप्लास्टी झाली, पाचव्या दिवशी मामू घरी आले, अल्हम्दुलिल्लाह. पण बिल भरून निघताना लिफ्टजवळ, एका कुंडीच्या मागे, मला एक फलक दिसला. हे हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं. मामूंचं केशरी रेशन कार्ड तेव्हा घरी लोखंडी पेटीत, लग्नाच्या कपड्यांखाली पडलेलं होतं.

आम्हाला कोणी विचारलं नाही हे खरं. आम्हीही कोणाला विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या शहरात (आम्ही अजून औरंगाबाद म्हणतो, कागदावर छत्रपती संभाजीनगर) दवाखान्यांची कमी नाही. मोहल्ल्यात कोणी आजारी पडलं की एकच प्रश्न येतो, ‘चांगलं हॉस्पिटल कोणतं?’ मला वाटतं प्रश्नच अर्धवट आहे. चांगलं कशासाठी, आणि कोणत्या कागदावर?

गल्लीतल्या डॉक्टरपासून सुरुवात करू. तो रात्री अकरापर्यंत बसतो, आपल्या बोलीत बोलतो, अम्मीची शुगर त्याला तोंडपाठ असते, उधारीही ठेवतो. तापाला, जुलाबाला, बीपीच्या गोळ्यांना त्याच्याइतकं सोयीचं कोणी नाही. पण साध्या अशक्तपणालाही सलाईन लावणारे यांच्यातच आहेत, आणि पुढे पाठवताना कधी चिठ्ठी आजार बघून लिहिली जाते, कधी कट बघून. छातीत कळ आल्यावर तिथे गॅसचं इंजेक्शन घेत घालवलेला एक तास फार महाग पडतो.

मग घाटी. आमच्या खालाजान म्हणतात, घाटीत गेलेला परत येत नाही. १९५६ पासूनचं हे सरकारी मेडिकल कॉलेज, मराठवाड्याचे जिल्हे आणि बुलडाण्यापर्यंतचे रुग्ण तिथे येतात. गर्दी, जमिनीवरच्या गाद्या, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं, स्ट्रेचर ढकलणारे नातेवाईक, यातलं काही लपलेलं नाही. पण खालाजानच्या वाक्याचं कारण वेगळंही आहे. खासगीत पैसे संपले, व्हेंटिलेटरचा खर्च झेपेना, की पेशंट शेवटच्या दिवशी घाटीत येतो. मृत्यू घाटीच्या नावावर लागतो, आधीचं बिल दुसऱ्याच्या. मोठा अपघात, जळालेला माणूस, साप चावलेला शेतकरी, अडलेलं बाळंतपण, यासाठी चोवीस तास सगळ्या विभागांचे डॉक्टर एका आवारात असणारी जागा आमच्याकडे दुसरी कोणती आहे? आमखास मैदानाजवळचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटलही असंच. लोक थेट मुंबईच्या टाटाची गाडी पकडतात, शेजारी काय मिळतं ते न बघता.

आणखी एक सरकारी दवाखाना आपण विसरतो, चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्यात ते मोडतं. घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, म्हणून तिथे हा नियम तसाच लागू नाही. खातं वेगळं, नियम वेगळा.

आता ज्या दवाखान्यांबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती आहे, ते धर्मादाय ट्रस्टचे. बाहेरून ते खासगीच दिसतात. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यातच आहे. ही मेहरबानी नाही, ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या सवलतींची परतफेड आहे. गारखेड्याचं डॉ. हेडगेवार रुग्णालय नाव ऐकूनच काहीजण टाळतात. मला त्यांची अडचण समजते. पण तिथल्या ओपीडीत मी बुरख्यातल्या बायका रांगेत पाहिल्या आहेत, आणि आजाराने माझ्याकडे कधी विचारधारा मागितलेली नाही. याच्या उलटही खरं आहे. ‘आपल्या माणसाचा’ म्हणून ज्या नर्सिंग होममध्ये आपण धावतो, तिथे आयसीयू आहे का, रात्री भूलतज्ज्ञ असतो का, हे विचारायला लाजू नये.

नुसत्या खासगी हॉस्पिटलचं बळ म्हणजे वेळ. स्कॅन तासाभरात होतो, डॉक्टर भेटतो, खोली स्वच्छ असते. ज्याला परवडतं त्याने जरूर जावं.

आता कागद. फुले योजनेत पूर्वी दीड लाखाचं संरक्षण होतं, आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं आहे. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. पण योजनेत ठरलेलेच उपचार बसतात आणि मंजुरी लागते. एकदा तुम्ही पैसे भरून घरी गेलात की मागे वळून काही मिळत नाही. म्हणून भरती होतानाच विचारायचं. आपल्याकडे इथेच गाडी अडते. रेशन कार्डावर ‘शेख’, आधारवर ‘शैख’. लग्नाआधीची ‘शबाना बी’, नंतरची ‘शबाना बेगम’. सून घरात येऊन चार वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या कार्डावर. इमर्जन्सीच्या रात्री तहसील उघडं नसतं.

चंद्याबद्दल माझं मत काहींना कडू लागेल. आपला समाज दिलदार आहे, एका जुम्यात चाळीस-पन्नास हजार जमतात. पण जी जकात गरिबाचा हक्क आहे, ती त्याच्या नावाने गोळा होते आणि जी खाट कायद्याने मोफत मिळायची तिच्या बिलात जाते. मशिदीच्या जिम्मेदारांनी चंद्याचं एलान करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दवाखाना ट्रस्टचा आहे का? योजनेत आहे का? घाटीत हा इलाज होतो का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर रुमाल पसरावा, पहिली नोट मी टाकेन.

मागच्या महिन्यात आम्ही पाच-सहा जणांनी रविवारी मदरशाच्या वऱ्हांड्यात टेबल टाकलं. एकाकडे लॅपटॉप, बाकीच्यांकडे मोबाईल. लोकांनी रेशन कार्ड आणि आधार आणायचं, आम्ही नावं जुळवून बघायची. दुपारपर्यंत तेवीस घरं आली, त्यातल्या चौदा घरांच्या कागदांत काहीतरी चुकीचं निघालं. सगळ्यात शेवटी मामू आले. त्यांच्या कार्डावर मुमानींचं नाव नव्हतंच.