परवान्यानंतरची पाच वर्षे

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत एटीएममध्ये रोकड भरणारी गाडी थांबते, तेव्हा खांद्याला दुनळी बंदूक लावलेला रक्षक आधी उतरतो. समोर कामावर निघालेल्यांची गर्दी असते. त्याच्या हातून चूक झाली, तर किंमत या गर्दीला मोजावी लागेल.

१९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवाना मिळण्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. प्रतिबंधित बोअरच्या रायफलीचा परवाना तर केंद्रीय गृहमंत्रालयच देते. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, हे आम्हाला पटत नाही. पाच वर्षांत माणसाची नजर अधू होते, प्रकृती ढासळते, मनःस्थिती पालटते.

बंगळुरूच्याच राज्यात, कर्नाटकात, कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे; केंद्राने ती २०२९पर्यंत वाढवली. तिथे बंदूक घरच्या परंपरेचा भाग आहे. शहरातल्या रक्षकासाठी ती रोजीरोटी. म्हणूनच सशस्त्र रक्षकांची वैद्यकीय तपासणी आणि नेमबाजीचा सराव दरवर्षी सक्तीचा करावा. त्याचा खर्च तुटपुंज्या पगाराच्या रक्षकावर न टाकता त्याला नेमणाऱ्या कंपनीने उचलावा.