ऐकणारा अध्यक्ष

बैठकीत पुढारी कोण, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे हिशोब सोपा आहे. जो सर्वांत जास्त बोलतो तो! मग ती देवळाच्या महाजनांची सभा असो, जत्रेतल्या नाटकाची तयारी असो की सरकारी खात्यातली मीटिंग. मी कारकून. बैठकांचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम, त्यामुळे माझं मत जरा वेगळं झालं आहे.

या बाबतीत मला बडोद्याची एक सभा आठवते. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तिथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सूत्रधार पं. विष्णु नारायण भातखंडे. वाद रंगला तो श्रुतींवर. क्लेमेंट्ससाहेब आणि देवल यांची बावीस श्रुतींची खास पेटी एकीकडे, तर दुसरीकडे चोवीस श्रुती मानणारे तंजावरचे अब्राहम पंडितर. खुद्द भातखंड्यांचं भाषण इंग्रजीत! आता विचार करा, परिषदेला उस्तादही होते. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या त्यांच्या गळ्यात. पण निबंध आणि इंग्रजी चर्चा यांत त्यांचा सूर कितीसा लागणार?

गंमत म्हणजे हेच भातखंडे, पेशाने वकील, त्याआधी गावोगाव हिंडले होते. जयपूरच्या महंमद अली खाँसारख्यांसमोर बसून त्यांनी चिजा ऐकल्या, स्वरलिपीत उतरवून घेतल्या. उस्तादांविषयी त्यांची मतं बोचरी होती, हे खरं. तरीही 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उभे राहिले ते या ऐकण्यावर. समोरचा ज्या भाषेत बोलू शकतो, त्या भाषेपर्यंत आपण चालत जाणं, याला मी ऐकणं म्हणतो. नुसती मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे.

आपल्या गोव्यात तर हे फारच लागू पडतं. बैठक इंग्रजीत चालते आणि कुठल्या वाड्यावर पावसात पाणी भरतं हे ज्याला ठाऊक, तो दाराजवळ गप्प बसलेला असतो. तो सांगेल ते कोंकणीत. अध्यक्षाने आपलं मत शेवटी द्यावं आणि आधी त्या माणसाला नावाने हाक मारून विचारावं. पुढारीपणाची परीक्षा इथेच आहे, असं मला वाटतं. नाहीतर ठराव पास होतो आणि पाणी पुढच्या पावसातही भरतंच.

'अध्यक्षांनी मार्गदर्शन केले' हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा लिहिलं असेल. 'अध्यक्षांनी ऐकून घेतले' असं लिहायची पाळी अजून यायची आहे.